अकरा तास राबूनही मागे पडते, म्हणजे माझ्यात गुणच नाहीत का?

वाचकाचं पत्र :

मी २७ वर्षांची आहे. एम.कॉम. झालंय, राहते डोंबिवलीला, नोकरी अंधेरी पूर्वेला एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये. पाच वर्षं झाली. सकाळी सातला घर सोडते, घाटकोपरला उतरून मेट्रो पकडते, साडेआठला टेबलावर असते. निघायला साडेसात होतात. सुट्टी घेत नाही, कुणाचं काम अंगावर आलं तरी नाही म्हणत नाही. माझ्यानंतर तीन वर्षांनी आलेला मुलगा यंदा सीनिअर झाला. तो साडेसहाला निघतो. जीएसटीचं जे मॅचिंग (खरेदीच्या पावत्या पोर्टलवरच्या नोंदींशी जुळवणं) मला तीन दिवसांत आवरत नाही, ते तो सव्वा दिवसात संपवतो आणि चुका माझ्याच निघतात. विचारलं तर म्हणतो, "मी काही वेगळं करत नाही गं." त्याच्या वडिलांचं मुलुंडला टॅक्सचं ऑफिस आहे, पण ते काही इथे येऊन मदत करत नाहीत. बाबा म्हणतात, वाळूचे कण रगडिता तेलही गळे, रेटत राहा. मैत्रीण म्हणते, आकड्यांचं डोकं उपजत असतं, तुझ्याकडे नाही हे मान्य कर. खरं कोण बोलतंय? मी हे क्षेत्रच सोडू का?
– एक वाचक, डोंबिवली

सस्नेह नमस्कार,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात : त्याच्या वडिलांचं टॅक्सचं ऑफिस आहे. ते मदतीला येत नाहीत हे खरं, पण त्यांची मदत आधीच होऊन गेली असावी. अकरावीपासून पदवीपर्यंत पाच वर्षं धरा. सुट्ट्या आणि रिटर्नचा हंगाम मिळून वर्षाला नुसते २०० तास तो त्या ऑफिसात बसला असेल, तरी नोकरीच्या पहिल्या दिवशी त्याच्या गाठीशी १,००० तास होते. तेही जाणत्या माणसाच्या शेजारी बसून, चूक झाली की तिथल्या तिथे कळेल असे. हा आमचा अंदाज आहे, तुम्ही त्याला सरळ विचारून खात्री करा. पण "मी काही वेगळं करत नाही" हे तो प्रामाणिकपणेच म्हणतोय. ज्याला ज्या कामाची नजर बसलेली असते, त्याला आपण काय बघतो हे सांगता येत नाही.

ही नजर काय असते यावर १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळावर एक प्रयोग केला होता. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवायची आणि मग तीच सोंगट्या लावून करायला सांगायची. मुरलेला खेळाडू नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त सोंगट्या बरोबर लावायचा. मग सोंगट्या पटावर कशाही विखरून दाखवल्या, आणि त्याची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अचाट नव्हती, ओळखीच्या रचना त्याच्या डोक्यात साठलेल्या होत्या. तुमच्या सहकाऱ्याला न जुळलेल्या पावत्यांची यादी तशीच दिसते. तुम्हाला तिथे ४०० ओळी दिसतात, त्याला पाच-सहा ओळखीची दुखणी.

तरीही तुमच्या मैत्रिणीचं बोलणं आम्ही उडवून लावणार नाही. माणसामाणसांत शिकण्याच्या वेगाचा फरक असतो, आणि तो मोठा असू शकतो. फर्नांड गोबे आणि गिलेर्मो काम्पितेली यांनी २००७ मध्ये अर्जेंटिनातल्या बुद्धिबळपटूंच्या सरावाचा हिशेब मांडला. मास्टरच्या पातळीला पोचायला एकाला सुमारे ३,००० तास लागले होते, दुसऱ्याला २३,००० हून जास्त. 'दहा हजार तास घासलं की कुणीही तरबेज होतं' असं जे सर्रास सांगितलं जातं ते म्हणूनच खरं नाही. तो आकडा अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासातून उचललेला आहे. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या सर्वोत्तम व्हायोलिनवादकांनी विसाव्या वर्षापर्यंत केलेल्या सरावाची ती सरासरी होती, आणि त्या गटातले निम्मे त्या आकड्यापर्यंत पोचलेलेही नव्हते. त्याच अभ्यासातली दुसरी नोंद तुमच्या जास्त कामाची आहे. हे वादक एकट्याने करायचा कसून सराव दिवसाला साधारण साडेतीन-चार तासांपलीकडे करत नसत, तो तुकड्यातुकड्यांत करत, आणि पुरेसं झोपत.

आता तुमच्या अकरा तासांकडे येऊ. ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ८८ अभ्यास एकत्र करून पाहिलं, की माणसामाणसांतल्या कामगिरीच्या फरकातला किती भाग सरावाने उलगडतो. बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१, मैदानी खेळांत १८, शिक्षणात ४, आणि नोकरी-व्यवसायात १ टक्क्याहूनही कमी. हा शेवटचा आकडा वाचून मेहनत व्यर्थ असा अर्थ काढू नका. व्हायोलिनचा सराव म्हणजे काय ते ठरलेलं आहे, ऑफिसात ते ठरलेलं नाही. तिथे मोजले जातात ते बहुधा अनुभवाचे आणि कामाचे तास, आणि त्यातल्या बहुतेक वेळात माणूस जे येतं तेच पुन्हा करत असतो. पाच वर्षं रोज सातचा प्रवास करणारी व्यक्ती गाडी पकडण्यात तरबेज होते, मोटरमन होत नाही.

तुमचं तेच झालं असावं असं आम्हाला वाटतं, पण वाटण्यावर जाऊ नका. दोन आठवडे एका वहीत तीन रकाने आखा : येतं तेच काम, अडलं असं काम, वाट बघणं आणि फॉलोअप. दर तासाला नुसती खूण करा, वर्णन नको. मधल्या रकान्यात दिवसाला एका तासाहून कमी खुणा आल्या, तर तुम्ही कष्ट भरपूर करताय पण शिकण्याला त्यातलं फारसं काही मिळत नाहीये, हे तुमच्याच अक्षरात समोर येईल. दुसऱ्यांचं अंगावर घेतलेलं काम बहुतेक पहिल्या रकान्यात जाईल. 'नाही म्हणत नाही' याची खरी किंमत तिथे दिसते.

मॅचिंगला तीन दिवस का लागतात ते आता पाहू, कारण 'आकड्यांचं डोकं' नावाची गोष्ट इथेच सुटी करून बघता येते. २बी हे विवरण, म्हणजे व्हेंडरांनी (माल पुरवणाऱ्यांनी) कंपनीच्या नावावर भरलेल्या पावत्यांची पोर्टलवरची यादी, दर महिन्याच्या १४ तारखेला येतं आणि ३बी, म्हणजे कंपनीचं स्वतःचं मासिक विवरण, २० ला भरायचं असतं. हातात सहा दिवस. बहुतेक जण खरेदीचं रजिस्टर आणि २बी शेजारी ठेवून सरळ व्ही-लुकअप (दोन याद्या जुळवणारं एक्सेलचं सूत्र) लावतात. शेकडो ओळी न जुळलेल्या येतात आणि मग वरून खाली एकेक ओळ डोळ्यांनी तपासणं सुरू होतं. वेळ जातो तो इथे, आणि चुकाही इथेच होतात, कारण दीडशेव्या ओळीला डोळे थकलेले असतात.

न जुळण्याची कारणं ठरावीक असतात. तुमच्याकडे पावती क्रमांक '४५' टाकलाय, व्हेंडरने '००४५/२५-२६' भरलाय. क्रमांक एका फाइलमध्ये आकडा म्हणून आहे आणि दुसऱ्यात मजकूर म्हणून, किंवा शेवटी एक न दिसणारी रिकामी जागा आहे. करात एक-दोन रुपयांचा फरक आहे. ही तिन्ही दुखणी खोटी आहेत, पावती जुळलेलीच आहे. खरी दुखणी वेगळी : व्हेंडरने आपलं विवरण उशिरा भरलं म्हणून पावती पुढच्या महिन्याच्या २बीत जाणार, तुमच्या कंपनीचा दुसऱ्या राज्यातला जीएसटी क्रमांक टाकला, आयजीएसटीऐवजी (राज्याबाहेरच्या व्यवहाराचा कर) सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या व्यवहाराचा) लावला, क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याची नोंद) एकाच बाजूला आहे, किंवा व्हेंडरने भरलंच नाही.

म्हणून आधी खोटी दुखणी एक्सेलकडून काढून घ्यायची. दोन्ही फाइलींत एक जादा रकाना करा. पावती क्रमांकातल्या रिकाम्या जागा, तिरप्या रेघा, आडव्या रेघा आणि सुरुवातीची शून्यं काढा, मग त्याच्या पुढे व्हेंडरचा १५ अक्षरी जीएसटी क्रमांक जोडा. वर्ष काही जण क्रमांकाच्या आधी लावतात, काही नंतर, काही लावतच नाहीत. तेव्हा ते भाग व्हेंडरनिहाय तपासूनच छाटा, नाहीतर दोन वेगळ्या पावत्या एक होऊन बसतील. या जोडलेल्या किल्लीवर जुळवा आणि करातला दोन रुपयांपर्यंतचा फरक चालवून घ्या (आधी साहेबांना विचारून, ही मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी असते). जे उरेल ते कराच्या रकमेनुसार मोठ्याकडून लहानाकडे लावा. सहसा पहिल्या वीस-पंचवीस ओळींतच फरकाचा मोठा भाग सापडतो. त्या ओळींना कारण लिहा आणि व्हेंडरला १५ तारखेलाच फोन करा. १८ ला फोन केला तर तो 'बघतो' म्हणेपर्यंत २० उजाडते.

यातलं काहीही जन्मजात नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पण वाचून ते हातात येत नाही, त्यासाठी सराव लागेल आणि तो कामाच्या वेळेबाहेर नको. तुम्ही साडेआठला पोचताच. मेल उघडण्याआधीची ४० मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. १४ ते २० सराव बंद, तेव्हा खरं काम. असे १२ आठवडे केले तर मधले तीन आठवडे वजा जाऊन नऊ उरतात, म्हणजे एकूण २४ तास. त्याच काळात तुम्ही ऑफिसात साडेसहाशेहून जास्त तास असाल, तेव्हा २४ तास काढता येतील.

सरावाला मागच्या एखाद्या महिन्याची बंद झालेली फाइल घ्या, जिचं उत्तर तयार आहे. ती ऑफिसच्याच मशीनवर उघडा. कंपनीचा डेटा पेनड्राइव्हवर घालून घरी नेऊ नका, त्यापायी नोकरी जाऊ शकते. त्यातल्या ३० न जुळलेल्या ओळी निवडा आणि प्रत्येकीसमोर, काहीही न उघडता, कारणाचा अंदाज आधी लिहा. मग तपासा. किती बरोबर आले ते तारखेसह वहीत टिपा. अंदाज आधी लिहिणं हाच या सरावाचा जीव आहे. उत्तर बघितल्यावर 'हो, हे मला माहीतच होतं' असं मन सांगतं, आणि मग नजर कधी बसत नाही. पहिल्या आठवड्यात तीसपैकी दहा-बारा आले तरी घाबरू नका, चुकलेल्या अठरांत कोणतं कारण पुन्हा पुन्हा हुकतंय ते बघा. पुढच्या वेळी त्याच कारणाच्या ओळी जास्त घ्या.

एक सावधगिरी. नवी पद्धत लावलीत की पहिल्या महिन्यात वेळ कमी होण्याऐवजी वाढेल. किल्ली बनवायलाच अर्धा दिवस जाईल, कुठेतरी सूत्र चुकेल. बहुतेक माणसं याच ठिकाणी घाबरून जुन्या पद्धतीवर परत जातात आणि 'मला जमत नाही' असं ठरवून टाकतात. तो महिना निकालाचा धरू नका.

निकाल कसा धरायचा? या महिन्याचे तीन आकडे आजच लिहून ठेवा : दर १०० पावत्यांमागे लागलेला वेळ, शेवटी कारण न सापडलेल्या ओळी, आणि तपासणीत निघालेल्या चुका. १०० पावत्यांमागे एवढ्यासाठी, की मार्चमध्ये पावत्या दुप्पट झाल्या तर तुलना फसते. पुढच्या तीन महिन्यांचे तेच आकडे त्याखाली लिहा. तिसऱ्या महिन्यात वेळ तिसऱ्या हिश्शाने आणि बेवारस ओळी निम्म्याने उतरल्या असतील, तर अडचण डोक्याची नव्हती, पद्धतीची होती. चुका उतरल्या पण वेळ तसाच राहिला, तरी चांगलंच, वेग मागाहून येतो. मात्र सराव खरोखर झाला, कुणी जाणतं माणूस तपासत होतं आणि तरीही तिन्ही आकडे जागचे हलले नाहीत, तर या कामात तुमचा वेग कमी आहे हे मानायला हरकत नाही. हे आमचे ठोकताळे आहेत, नियम नव्हेत. पण एक नक्की : गुण आहेत की नाहीत हे आज तुम्ही कुठे उभ्या आहात त्यावरून कळत नाही, योग्य सराव सुरू झाल्यावर आकडे कसे हलतात त्यावरून कळतं. तुमची तशी परीक्षा अजून झालेलीच नाही.

आणि आकडे हललेच नाहीत, तरी त्याने फक्त मॅचिंगपुरतं उत्तर मिळेल. अकाउंट्स म्हणजे तेवढंच नाही. वसुली, व्हेंडरशी बोलणी, ऑडिटच्या शंकांना उत्तरं, पगारपत्रकं, व्यवस्थापनाचे अहवाल, या प्रत्येकाला वेगळी हातोटी लागते. मुंबईत मेहनतीचा विषय निघाला की शिवाजी पार्कवर आचरेकर सरांनी स्टंपवर ठेवलेलं नाणं निघतंच. सचिन तेंडुलकरला बाद करील त्या गोलंदाजाला ते नाणं, नाबाद राहिला तर त्याचं त्याला. गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात, पण त्या नाण्याचा खरा उपयोग असा की चूक झाली की तिचा निकाल त्याच क्षणी लागायचा. त्याच मुलाचे आणखी दोन तपशील कुणी सांगत नाही. सरावाच्या दिवसांत तो वांद्र्याचं घर सोडून पार्काजवळ काका-काकूंकडे राहायला गेला, म्हणजे मेहनत वाढवण्याआधी प्रवास कापला. आणि १९८७ साली तो मद्रासच्या एमआरएफ अकादमीत वेगवान गोलंदाज व्हायला गेला होता. ऑस्ट्रेलियाचे वेगवान गोलंदाज डेनिस लिली यांनी त्याला फलंदाजीवर लक्ष दे असं सुचवलं. त्याची मेहनत कमी नव्हती, जागा बदलायची होती.

बाबांनी सांगितलेल्या ओळीबद्दलही थोडं. वाळूचे कण रगडण्याची ओळ आपण प्रयत्नांच्या कौतुकासाठी वापरतो. ती भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या श्लोकाचं वामनपंडितांनी केलेलं मराठी रूप आहे, आणि तो श्लोक प्रयत्नांचा नाही. एकवेळ वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, सशाला शिंगही सापडेल, पण मूर्खाचं मन वळवता येणार नाही, असा त्याचा रोख आहे. वाळूतून तेल निघतं असं तो सांगतच नाही. बाबांची माया खरी आहे, त्यांचं ऐका. फक्त वाळू रगडताय की तीळ, हे बघण्याची मुभा स्वतःला द्या.

बढतीचा प्रश्न मात्र मॅचिंगच्या वेगाने पूर्ण सुटणार नाही. तुमची मेहनत साहेबांना कोणत्या रूपात दिसते? रात्री साडेसातला चालू असलेला दिवा, एवढंच दिसत असेल तर त्यावरून कुणी सीनिअर करत नाही. उलट 'हिला वेळ पुरत नाही' असा अर्थ निघतो. मॅचिंग संपल्यावर एक पान पाठवायला सुरुवात करा : पुस्तकांतलं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) किती, २बीतलं किती, फरक किती, तो कोणकोणत्या कारणांनी, आणि प्रत्येक रकमेवर आता कुणी काय करायचंय. पाच-सहा ओळी, वर बेरीज. सीनिअरच्या खुर्चीत हेच काम असतं, फरक शोधणं नव्हे तर तो समजावून सांगणं.

अप्रेझलची वाट न बघता साहेबांकडे वीस मिनिटं मागा. 'माझं काय चुकतं' असं विचारू नका, त्यावर 'तसं काही नाही, चांगलं चाललंय' हेच उत्तर येतं. असं विचारा : सीनिअरच्या जागेवरचा माणूस कोणती तीन कामं कुणाला न विचारता करतो? त्यातलं एक मला पुढच्या तिमाहीत कधी मिळेल? ठरलं ते त्याच दिवशी दोन ओळींच्या मेलने कळवा. दुसऱ्याचं काम टेबलावर आलं की नकार देणं जड जातं, ते आम्ही समजू शकतो. मग नकार देऊ नका, हिशेब मांडा : "करते, पण मग २बीचं मॅचिंग १७ ऐवजी १९ ला मिळेल. आधी काय हवंय?" ठरवू दे समोरच्याला.

नोकरी सोडायची का, हे त्या चार ओळींचे आकडे हातात आल्यावर ठरवा, २० तारखेच्या रात्री परतीच्या गाडीत नको.

राहिला तो सीनिअर झालेला मुलगा. ज्या सहजतेने तो तुमच्याशी बोलतो त्यावरून तो हात आखडणारा वाटत नाही. 'मला शिकव' म्हणालात तर त्याला कुठून सुरुवात करावी ते सुचणार नाही. त्याऐवजी येत्या १५ तारखेला वीस मिनिटं त्याच्या शेजारी खुर्ची ओढा. तो कोणती फाइल आधी उघडतो, कुठे फिल्टर लावून बघतो, कोणती ओळ न वाचताच सोडून देतो, एवढंच वहीत उतरवा. माउसला हात लावू नका, मधे थांबवू नका. त्याचं झालं की सोडून दिलेल्या एकेका ओळीवर बोट ठेवून विचारा, "ही का सोडलीस?"